लिंबूटिंबू संघ कप जिंकला, तर शाबासकी द्यायची की नशीब म्हणायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा लागला की मुंबईत दोन गोष्टी एकदम सुरू होतात: मैदानावर चिखलातला फुटबॉल आणि टपरीवर त्याच्यावरचे वाद. खालचे प्रश्न मला व्हॉट्सअ‍ॅपवर, परळच्या टर्फबाहेर आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पुन्हा पुन्हा विचारले गेलेत. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, शिव्या तेवढ्या काढल्यात. जिथे एक उत्तर दुसऱ्याला लागू होतं, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, म्हणजे तेच दळण पुन्हा नको.

१. लिंबूटिंबू संघ म्हणायचं कुणाला? रँकिंग बघून ठरवायचं का?

रँकिंग हा एक पुरावा झाला, पण मी आधी इतिहास बघतो. ग्रीस २००४ च्या युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेला, गेला तेव्हा मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत त्यांनी एकही सामना जिंकलेला नव्हता. १९८० च्या युरोत एक बरोबरी आणि दोन पराभव. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये तिन्ही सामने गमावले, १० गोल खाल्ले आणि केला एकही नाही. याला म्हणतात लिंबूटिंबू.

देश छोटा असला म्हणून संघ लिंबूटिंबू होत नाही. उरुग्वेची लोकसंख्या आपल्या मुंबईच्या उपनगरांपेक्षा कमी आहे, पण त्यांच्याकडे १९३० आणि १९५० असे दोन वर्ल्ड कप आहेत. मात्र १९५० च्या शेवटच्या सामन्यापुरते ते नक्कीच दुबळे धरले गेले होते. रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती आणि उरुग्वे २-१ नं जिंकला. म्हणजे एखादा संघ एका सामन्यापुरताही लिंबूटिंबू असू शकतो.

२. ग्रीसनं २००४ ची युरो जिंकली, तो निव्वळ मटका नव्हता का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. तेव्हा उत्तरही जरा लांबच देतो.

सुरुवात पात्रता फेरीपासून करायला हवी, कारण मटका म्हणणारे लोक ती विसरतात. ग्रीसनं पहिले दोन सामने, स्पेन आणि युक्रेनविरुद्ध, ०-२ असे गमावले. मग ओळीनं सहा जिंकले आणि त्या सहांत एकही गोल खाल्ला नाही. त्यांतला एक विजय स्पेनविरुद्ध, स्पेनमध्ये जाऊन. गटात पहिले ग्रीस, दुसरे स्पेन. हे सगळं पोर्तुगालला पोचायच्या आधीचं आहे.

पोर्तुगालमध्ये पहिल्याच सामन्यात यजमानांना २-१ नं हरवलं. बाद फेरीत फ्रान्स, म्हणजे तेव्हाचे विजेते, १-० नं गेले. उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताक, ज्यांनी तोवर चारही सामने जिंकले होते, १-० नं गेले. अंतिम सामन्यात पुन्हा पोर्तुगाल, पुन्हा १-०. आपल्याकडे तो सामना रात्री सव्वाबाराला सुरू झाला होता. आमच्या चाळीत जागे असलेले सगळे जण पोर्तुगालच्या बाजूनं होते, मीसुद्धा.

आता गोल कसे झाले ते बघा. फ्रान्सविरुद्ध उजवीकडून झागोराकिसचा क्रॉस आणि हारिस्तेआसचं हेडर. चेकविरुद्ध त्सिआर्तासचा कॉर्नर आणि देलासचं हेडर. अंतिम सामन्यात बासिनासचा कॉर्नर आणि पुन्हा हारिस्तेआसचं हेडर. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं एकदा म्हणता येतं. तीनदा तसंच घडलं तर कावळ्याचं वजन करून बघावं लागतं.

नशीब अजिबात नव्हतं, असं मात्र मी म्हणणार नाही. साखळीत ग्रीस आणि स्पेन यांचे गुण सारखे (४), आपसातला सामना १-१, गोलफरक दोघांचाही शून्य. ग्रीस पुढे गेला तो केवळ जास्त गोल केल्यामुळे, चार विरुद्ध दोन. रशियाविरुद्ध ०-२ नं मागे असताना व्रिझासनं एक गोल परत केला. तो झाला नसता, किंवा रशियानं आणखी एक मारला असता, तर हे पानच लिहावं लागलं नसतं. पण अशी एखादी निसटती जागा प्रत्येक विजेत्याच्या वाटेत सापडते. बड्या संघांच्या बाबतीत आपण ती शोधायला जात नाही, एवढंच.

३. पण काय ते रटाळ खेळणं! अशा खेळाला कसली शाबासकी?

हा प्रश्न मुंबईकरानं विचारला की मला हसू येतं. क्रिकेटमध्ये आपण कशाचा अभिमान मिरवतो? ‘मुंबईचा खडूसपणा’. विकेट फेकायची नाही, समोरच्याला फुकट एक धाव द्यायची नाही, सामना गेला असं वाटलं तरी खेळपट्टीवर ठिय्या देऊन बसायचं. त्या खडूसपणातून ४२ रणजी करंडक आले आणि त्याबद्दल आपण एकमेकांच्या पाठीवर थाप मारतो. ग्रीसनं तेच मैदानावर अकरा जणांनी केलं, तर ते ‘अँटी-फुटबॉल’?

ग्रीसचे जर्मन कोच ओटो रेहागेल जुन्या पठडीतले. समोरच्या प्रत्येक आक्रमकाला एक माणूस चिकटवायचा, मागे देलास मोकळा ठेवायचा, आणि पुढे मिळेल त्या कॉर्नरचं सोनं करायचं. ही पद्धत तोवर बहुतेकांनी अडगळीत टाकली होती, त्यामुळे तिच्याशी कसं खेळायचं हे समोरचे संघही विसरले होते. आपल्या हातात कोणते खेळाडू आहेत ते ओळखून आखलेला हा डाव होता. गोल करणारा हारिस्तेआस जर्मनीत वेर्डर ब्रेमेनकडे होता आणि तिथे त्याची जागासुद्धा पक्की नव्हती. अशा माणसांना घेऊन ब्राझीलसारखं नाचत खेळायला गेले असते तर साखळीतच बॅगा भरल्या असत्या.

रटाळ वाटलं तर टीव्ही बंद करा, तो तुमचा हक्क आहे. करमणूक केली नाही म्हणून श्रेय कापायचं, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते मात्र दाखवा.

४. एका सामन्यात मोठ्या संघाला पाडणं आणि अख्खी स्पर्धा जिंकणं, यांत एवढा काय फरक?

फार फरक आहे. वर्ल्ड कपमध्ये २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं. त्यानंतर सौदी दोन्ही सामने हरून घरी गेले आणि अर्जेंटिना कप घेऊन गेली. १९९० मध्ये कॅमेरूननं आणि २००२ मध्ये सेनेगलनं गतविजेत्यांना पहिल्याच सामन्यात झोपवलं. दोघंही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, तेही काही कमी नाही, पण कप नाही.

हिशोब साधा आहे. प्रत्येक सामन्यात तुमची शक्यता शंभरात ३० धरली, तर ओळीनं तीन बाद सामने जिंकायची शक्यता शंभरात ३ सुद्धा भरत नाही. त्यात पहिल्या विजयानंतर समोरचे सावध होतात, तुमचे व्हिडिओ बघून येतात. पहिला धक्का बेसावध माणसाला बसतो, तिसरा बसत नाही.

५. डेन्मार्क तर १९९२ च्या युरोला पात्रसुद्धा ठरला नव्हता. मागच्या दारानं आलेल्याला श्रेय कशाला?

मागचं दार त्यांनी उघडलं नव्हतं. युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं, मेअखेरीला संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले आणि स्पर्धेच्या तोंडावर त्यांचा संघ बाहेर काढला गेला. गटात त्यांच्या मागे दुसरा होता डेन्मार्क, तोही फक्त एका गुणानं. म्हणजे रस्त्यावरून कुणाला उचलून आणलं नव्हतं, रांगेतल्या पुढच्या माणसाला खिडकीवर बोलावलं होतं. खेळाडूंना थेट समुद्रकिनाऱ्यावरून आणल्याची गोष्ट सांगतात, तिच्यात मसाला बराच आहे. कोच रिचर्ड म्योलर नील्सन मात्र तेव्हा खरंच घराचं स्वयंपाकघर नवं करायच्या बेतात होते.

संघात त्यांचा सर्वांत नावाजलेला खेळाडू मायकेल लाउड्रप नव्हता, कोचशी न पटल्यामुळे तो आधीच बाजूला झाला होता. इंग्लंडशी ०-०, स्वीडनकडून ०-१, फ्रान्सवर २-१. उपांत्य सामन्यात गतविजेत्या नेदरलँड्सशी २-२, मग पेनल्टी शूटआउट, आणि गोली पीटर श्मायकेलनं अडवली ती नेमकी मार्को व्हान बास्टेनची पेनल्टी. अंतिम सामन्यात गोथेनबर्गला विश्वविजेत्या जर्मनीवर २-०. दुसरा गोल किम व्हिलफोर्टचा. त्याची लहान मुलगी रक्ताच्या कर्करोगानं आजारी होती आणि स्पर्धा चालू असताना तो तिच्यासाठी घरी जाऊन परत आला होता.

एक गोष्ट टीकाकारांच्या बाजूची: त्या काळी बचावपटूनं मागे दिलेला पास गोली हातात घेऊ शकत होता आणि डॅनिश संघानं आघाडी सांभाळताना ही सोय मनसोक्त वापरली. त्याच वर्षी तो नियम बदलला. पण स्पर्धेपुरती ती सोय आठही संघांना होती.

६. म्हणजे श्रेय द्यायचं तर तो संघ सर्वांत चांगला होता असंही मानायचं?

नाही! निम्मे वाद इथेच मिटतात. ‘सर्वांत चांगला संघ कोण’ आणि ‘या कपाचं श्रेय कोणाचं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात.

१९५४ चा वर्ल्ड कप घ्या. हंगेरीचा संघ त्या काळातला जगातला सर्वांत चांगला संघ होता, याबद्दल मला शंका नाही. १९५० पासून ते हरलेच नव्हते. त्याच वर्ल्ड कपच्या साखळीत त्यांनी पश्चिम जर्मनीला ८-३ असं धुतलं होतं. अंतिम सामन्यात बर्नला आठ मिनिटांत २-० नं पुढे. आणि शेवटी जर्मनी ३-२. हंगेरी सरस होती हे खरं आणि कप जर्मनीनं कमावला हेही खरं. त्या ८-३ च्या सामन्यात जर्मन कोच हेर्बेर्गरनी बरेच मुख्य खेळाडू बसवून ठेवले होते. अंतिम सामन्याला पाऊस पडला, तेव्हा जर्मनांच्या बुटांना बूट बनवणाऱ्या आडी दासलरचे फिरवून बदलता येणारे लांब स्टड (तळाचे खिळे) होते. आझाद मैदानावर जुलैत खेळलेल्या कुणालाही या एका वाक्याची किंमत कळेल. घसरणारा फॉरवर्ड कितीही मोठा असो, तो घसरतोच. पाऊस नशिबाचा, पण स्टड आणले होते ते डोकं कुणाचं?

७. मोठ्या संघाचा मुख्य खेळाडू जखमी झाला आणि म्हणून हे जिंकले. हे कसं?

२००४ च्या उपांत्य सामन्यात चेकचा पावेल नेदवेद पहिल्या हाफमध्येच गुडघा धरून बाहेर गेला, हे खरं. पण अंतिम सामन्यात ग्रीसचा कारागुनिसही नव्हता, त्याला कार्डांमुळे बसावं लागलं. ते कुणी आठवत नाही. मोठ्या संघाकडे बाकावरसुद्धा नावाजलेले खेळाडू असतात. दुखापत परवडत नाही ती छोट्यालाच.

८. ड्रॉ (कुणाशी गाठ पडणार ती सोडत) सोपा मिळाला असेल तर?

तर थोडं श्रेय कमी करा, माझी हरकत नाही. २०१६ ची युरो जिंकणारा पोर्तुगाल बघा. तो लिंबूटिंबू नव्हता, पण उदाहरण चांगलं आहे. साखळीत तिन्ही सामने बरोबरीत, गटात तिसरे. २४ संघांच्या नव्या रचनेमुळे पुढे गेले. त्यांच्या बाजूला क्रोएशिया, पोलंड, वेल्स आले आणि पलीकडे जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड एकमेकांना खात बसले. अख्ख्या स्पर्धेत ९० मिनिटांत जिंकलेला सामना एकच, वेल्सविरुद्धचा.

पण ‘सोपा ड्रॉ’ म्हणण्याआधी कागद उघडून बघत जा. ग्रीसची वाट प्र. २ मध्ये दिली आहे, ती सोपी वाटत असेल तर बोलणंच खुंटलं.

९. पेनल्टी शूटआउटवर जिंकलेला कप अर्धाच समजायचा का?

शूटआउट म्हणजे नाणेफेक नव्हे. १२० मिनिटं बरोबरी टिकवणं हीच आधी परीक्षा असते. २०१२ च्या आफ्रिकन नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात झांबियासमोर आयव्हरी कोस्ट होता: ड्रोग्बा, याया टुरे, जेर्विन्हो. त्या संघानं पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. झांबियानंही त्यांना गोल करू दिला नाही. दुसऱ्या हाफमध्ये ड्रोग्बानं पेनल्टी बारवरून घालवली. मग शूटआउट ८-७ पर्यंत ताणला गेला. कोलो टुरेची अडवली, झांबियाच्या कलाबानं वर मारली, जेर्विन्होनं वर मारली आणि सुंझूनं शेवटची आत घातली.

हा सामना गॅबॉनच्या लिब्रेव्हिलला झाला. १९९३ मध्ये झांबियाच्या राष्ट्रीय संघाचं विमान याच शहराजवळच्या समुद्रात कोसळलं होतं. अंतिम सामन्याआधी खेळाडू तिथल्या किनाऱ्यावर जाऊन फुलं वाहून आले होते. या कपाला अर्धा म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही.

१०. आपल्याकडे असं कधी घडलंय का? की सगळी उदाहरणं बाहेरचीच?

घडलंय, आणि त्यातलं सगळ्यात गोड उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे.

आधी जुनी दोन. १९११ मध्ये मोहन बागाननं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं. एखाद-दुसरा सोडला तर बागानचे सगळे अनवाणी. मुंबईतल्या कूपरेज मैदानाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ १९३७ चा बंगळूर मुस्लिम्स. तोवर गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. पुढच्या वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकून तुक्क्याची चर्चाच बंद केली.

आता मिझोरामचा आयझॉल एफसी, २०१६-१७. आदल्या मोसमात आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगमधून, त्यांची घसरण झाली होती. गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतलं म्हणून त्यांना परत आत घेतलं गेलं (म्हणजे डेन्मार्कसारखंच, प्र. ५). कोच खालिद जमील, ज्यांची खेळाडू म्हणून आणि कोच म्हणूनही कारकीर्द मुंबईत घडली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग कित्येक वर्षं मुंबई एफसीचे कोच. मुंबई एफसीतलं पर्व संपल्यावर ते मिझोरामला गेले, आणि जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे मुंबई एफसीत खेळलेले खेळाडूही त्या संघात होते. आयझॉलनं १८ सामन्यांत ३७ गुण केले, मोहन बागान ३६ वर अडकला. शेवटच्या आधीच्या सामन्यात आयझॉलनं बागानला घरी बोलावून १-० नं हरवलं आणि ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगला १-१ बरोबरी साधून लीग खिशात घातली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहून बाहेर गेली. कूपरेजच्या बाकांवर बसणाऱ्यांना हे वाचताना आजही घशात काहीतरी अडकतं. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे कोच झाले.

११. अशा विजयाचं श्रेय खेळाडूंचं की कोचचं?

मी छोट्या संघाच्या बाबतीत कोचला जास्त वाटा देतो. कारण मोठ्या संघात खेळाडू कोचची चूक झाकतात, छोट्यात ती लगेच उघडी पडते. रेहागेलचंच बघा: १९९७-९८ मध्ये त्यांनी कायझर्सलाउटर्नला, म्हणजे खालच्या विभागातून नुकत्याच वर आलेल्या संघाला, थेट बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वांत वरची लीग, जिंकून दिली होती. सहा वर्षांनी ग्रीस. एका माणसाच्या बाबतीत मटका दोनदा लागत नाही, तिथे आकडा त्याला ठाऊक असतो. पण कॉर्नरवर उडी मारायला कोच जात नाही, तेव्हा वाटणीचा हिशोब फार ताणू नका.

१२. पुढे काहीच जिंकलं नाही, म्हणजे तो तुक्काच होता ना?

ग्रीस २००६ च्या वर्ल्ड कपला पात्र ठरला नाही आणि २००८ च्या युरोत तिन्ही सामने हरला. बरोबर.

आता मला सांगा, २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर काय झालं? १८३ धावा करून वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळणाऱ्या संघात गावसकर, संदीप पाटील, बलविंदर संधू असे आपले मुंबईकर होते. त्याआधीच्या दोन वर्ल्ड कपमध्ये मिळून भारतानं एकच सामना जिंकला होता, तोही ईस्ट आफ्रिकेविरुद्ध. आणि काही महिन्यांतच वेस्ट इंडिज इथे आले आणि वनडे मालिका ५-० नं घेऊन गेले. त्या ५-० मुळे लॉर्ड्सचा कप परत करावा, असं दादरमध्ये उभं राहून बोलून दाखवा.

तसं ग्रीसचंही पुढे सगळंच बुडालं नाही. २०१२ च्या युरोत ते उपांत्यपूर्व फेरीत होते आणि २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये बाद फेरीत.

१३. देशात युद्ध चालू असताना जिंकले म्हणून इराकचं जास्त कौतुक होतं. ही सहानुभूती नाही का?

काही अंशी आहे. पण परिस्थिती हा कामाचाच भाग असतो. २००७ च्या आशियाई कपच्या आधी इराकला घरचे सामनेही परदेशात खेळावे लागत होते, आणि त्यांचे ब्राझिलियन कोच जोर्व्हान व्हिएरा यांच्या हाती तयारीला जेमतेम दोन महिने होते. उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाला शूटआउटवर हरवल्यावर बगदादमध्ये लोक रस्त्यावर आले आणि त्या गर्दीत बॉम्ब फुटले. जवळपास ५० माणसं गेली. चार दिवसांनी, २९ जुलैला, जकार्तात युनिस महमूदनं कॉर्नरवर हेडर मारून सौदी अरेबियाला १-० नं हरवलं.

आणि दुःख सगळं बाजूला ठेवून नुसता फुटबॉल बघितला तरी त्यांनी साखळीत ऑस्ट्रेलियाला ३-१ नं हरवलं होतं. दया म्हणून ऑस्ट्रेलियानं तीन गोल खाल्ले नाहीत.

१४. पंचांचे निर्णय बाजूनं गेले असतील तर? तेव्हाही श्रेय द्यायचं?

हा खरा अवघड प्रश्न, आणि इथे मी स्वतः डळमळतो. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण कोरियाच्या इटली आणि स्पेनविरुद्धच्या सामन्यांत इटलीच्या टोट्टीला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलं, स्पेनचे दोन गोल रद्द झाले. कोरिया जिंकला नाही, चौथा आला, पण जिंकला असता तर? एका चुकीच्या निर्णयानं श्रेय जात नाही. डेन्मार्कच्या व्हिलफोर्टच्या गोलआधी (प्र. ५) चेंडू हाताला लागला अशी तक्रार जर्मनांनीही केली होती, पण तेव्हा डेन्मार्क आधीच १-० नं पुढे होता. पण ओळीनं दोन सामन्यांत मोक्याचे निर्णय एकाच दिशेला गेले, तर माझी टाळी जरा हळू वाजते. कोरियाच्या खेळाडूंचा दोष त्यात नाही. त्यांची धावाधाव खरीच होती, म्हणून टाळी थांबत मात्र नाही.

१५. मालकाकडे बक्कळ पैसा असेल तर तो संघ लिंबूटिंबू कसा? लेस्टर घ्या.

लेस्टरचा मालक थायलंडचा अब्जाधीश होता, मान्य. तरीही ज्या २०१५-१६ च्या मोसमात त्यांनी इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, त्याच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांनी त्यांना एकास पाच हजाराचा भाव दिला होता आणि संघाचा खर्च वरच्या क्लबांच्या जवळपासही नव्हता. ३८ सामने, फक्त तीन पराभव, ८१ गुण, दुसऱ्या आर्सेनलपेक्षा दहा जास्त. लीगमध्ये ड्रॉचं किंवा एका रात्रीच्या नशिबाचं कारणही चालत नाही. गालबोट एकच: २०१३-१४ च्या मोसमात, म्हणजे वरच्या विभागात येतानाच्या वर्षी, खर्चाच्या नियमांवरून वाद झाला आणि २०१८ मध्ये क्लबनं ३१ लाख पौंड भरून तो मिटवला. ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे, पण किताबाच्या पानावर नाही.

१६. आमच्या सोसायटीच्या फाइव्ह-अ-साइड स्पर्धेत सगळ्यात ढ टीम मागे बसून राहिली आणि पेनल्टीवर जिंकली. वर त्यांचा गोली बाहेरचा होता! आता बोला.

मागे बसणं: चालतं (प्र. ३). पेनल्टी: चालते (प्र. ९). बाहेरचा गोली: तुमच्या नियमात काय लिहिलंय ते बघा. ‘फक्त रहिवासी’ असं लिहिलं असेल तर तो विजय खोटा, ढ असोत की हुशार. काहीच लिहिलं नसेल तर चूक आयोजकांची. आमच्याकडे एकदा अशाच वादात ‘मावसभाऊ चालतो का’ यावर रात्री साडेअकरापर्यंत बैठक झाली आणि ट्रॉफी तेवढा वेळ वॉचमनच्या टेबलावर पडून होती. पुढच्या वर्षी आधीच लिहून घ्या.

१७. मी हरलेल्या संघाचा चाहता आहे. मलाही त्यांचं कौतुक करावंच लागेल का?

त्या रात्री तरी नाही. ४ जुलै २००४ ला लिस्बनमध्ये एकोणीस वर्षांचा रोनाल्डो मैदानावर ढसाढसा रडत होता. त्याला जाऊन ‘ग्रीसची बचावफळी बघ किती शिस्तबद्ध’ असं सांगायची कुणाची हिंमत नव्हती. बारा वर्षांनी पॅरिसमध्ये युरोच्याच अंतिम सामन्याच्या पंचविसाव्या मिनिटाला तो जखमी होऊन बाहेर गेला आणि पोर्तुगालनं मागे बसून, दात-ओठ खाऊन, एडेरच्या एका गोलवर यजमान फ्रान्सला १-० नं हरवलं. त्या रात्री पोर्तुगालचे चाहते खेळ रटाळ झाला म्हणून कुरकुरताना मला दिसले नाहीत.